विश्लेषण : विम्बल्डन दुहेरीचे गतविजेते १९१९ मध्ये कोर्टवर का उतरले नाहीत? कोण होता अँथनी वाइल्डिंग?

पहिल्या महायुद्धामुळे चार वर्षे बंद असलेली विम्बल्डन स्पर्धा १९१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुरुष दुहेरीत पॅट ओहारा वूड आणि रोनाल्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन जोडीने रॉडनी हीथ व रँडॉल्फ लायसेट यांना ६-४, ६-२, ४-६, ६-२ असे हरवले. तेव्हाच्या नियमानुसार यानंतर आणखी एक सामना व्हायला हवा होता. या विजेत्यांची गाठ गतविजेत्यांशी, म्हणजे १९१४ चे विजेते नॉर्मन ब्रूक्स आणि अँथनी वाइल्डिंग यांच्याशी पडायची होती. तो सामना झालाच नाही. कारण वाइल्डिंग चार वर्षांपूर्वीच फ्रान्समधील आघाडीवर मारला गेला होता. विम्बल्डनची एकेरीची चार आणि दुहेरीची चार विजेतेपदे मिळवणारा हा न्यूझीलंडचा खेळाडू एकेरीचा विजेता म्हणून अधिक ओळखला जातो. त्याच्या कारकीर्दीतील शेवटचे मोठे विजय मात्र दुहेरीतले होते.

गतविजेत्यांना एकच सामना का खेळावा लागे?

आज विम्बल्डनच्या गतविजेत्यालाही पहिल्या फेरीपासून खेळावे लागते. १९२१ पर्यंत तसे नव्हते. बाकीचे सर्व खेळाडू आपसांत खेळत, त्यातून एक आव्हानवीर ठरे आणि तो गतविजेत्याशी थेट अंतिम सामना खेळे. या सामन्याला ‘चॅलेंज राउंड’ म्हणत. एकेरीप्रमाणे दुहेरीतही हीच पद्धत होती. गतविजेत्या जोडीतला एक जण उपलब्ध नसेल, तर आव्हानवीर जोडी आपोआप विजेती ठरे. डेव्हिस चषकातही चषक ज्याच्याकडे आहे तो देश बसून राही आणि बाकीच्यांतून वर आलेला संघ त्याला आव्हान देई. हे खेळाडू हौशी होते. त्यांना बक्षिसाची रक्कम मिळत नसे. त्यामुळे व्यवसाय किंवा घरची परिस्थिती सांभाळून, आठवडेच्या आठवडे बोटीने प्रवास करून ते स्पर्धांना येत. वाइल्डिंगच्या कारकीर्दीतले अनेक चढउतार या दोन गोष्टींमुळे समजतात.

वाइल्डिंग घडला कुठे?

अँथनी फ्रेडरिक वाइल्डिंगचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८३ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे झाला. वडील फ्रेडरिक वाइल्डिंग इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेले नामांकित वकील होते आणि स्वतः पट्टीचे खेळाडू होते. न्यूझीलंडची राष्ट्रीय पुरुष दुहेरी स्पर्धा त्यांनी एकाहून अधिक वेळा जिंकली होती. आई ज्युलिया उत्तम पियानो वाजवत. घराच्या आवारातच टेनिस कोर्ट होते. मुलाच्या हातात लहानपणीच रॅकेट आली आणि दुहेरीचा खेळ त्याने घरच्या घरी पाहिला.

पुढे कायद्याच्या शिक्षणासाठी तो केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गेला. तो क्रिकेटही चांगले खेळे. कँटरबरी संघाकडून तो प्रथम श्रेणीचे सामने खेळला होता. केंब्रिजमध्ये मात्र टेनिस पुढे गेले. १९०५ मध्ये त्याने डेव्हिस चषकात ‘ऑस्ट्रेलेशिया’कडून पदार्पण केले. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा तो संयुक्त संघ होता. १९०६ मध्ये ऑस्ट्रेलेशियन अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे आजची ऑस्ट्रेलियन ओपन, क्राइस्टचर्चमध्ये भरली. वाइल्डिंगने गावच्या प्रेक्षकांसमोर एकेरी जिंकली आणि दुहेरीही. दुहेरीतील त्याचा साथीदार होता रॉडनी हीथ. हाच हीथ १९१९ च्या विम्बल्डन दुहेरीत उपविजेता ठरला.

ब्रूक्स आणि वाइल्डिंग यांची जोडी कशी जमली?

नॉर्मन ब्रूक्स मेलबर्नचा. वाइल्डिंगपेक्षा तो सहा वर्षांनी मोठा होता. अंगाने सडपातळ, डावखुरा, सर्व्हिसला फसवी फिरकी देणारा आणि सर्व्हिस करताच नेटकडे धाव घेणारा असा त्याचा खेळ. वाइल्डिंग याच्या अगदी उलट होता. तो उंच, देखणा आणि बलदंड होता. उजव्या हाताने बेसलाइनवरून तो जोरकस फटके मारी आणि लांबलेल्या सामन्यात प्रतिस्पर्धी थकला तरी त्याचा वेग कमी होत नसे. तंदुरुस्तीसाठी नियमित व्यायाम करणे आणि दारू-तंबाखूपासून दूर राहणे ही त्याची शिस्त होती. त्या काळी टेनिस हा फावल्या वेळातला खेळ मानला जाई. तेव्हा अशी तयारी करणारे फार थोडे होते.

दुहेरीत ही भिन्नता उपयोगी पडली. दुहेरीत जोडीतील दोघे आलटून पालटून सर्व्हिस करतात. एक डावखुरा आणि दुसरा उजवा असेल, तर समोरच्यांना एका गेममध्ये चेंडू एका बाजूला वळताना दिसतो आणि त्या जोडीच्या पुढच्या सर्व्हिस गेममध्ये विरुद्ध बाजूला. एक जण नेटवर गुण संपवणारा आणि दुसरा मागून चेंडू परत आणणारा असेल, तर कोर्टाचा कोणताही भाग उघडा राहत नाही.

१९०७ मध्ये या जोडीने विम्बल्डन जिंकले. आव्हानवीर ठरवण्याच्या अंतिम सामन्यात त्यांनी अमेरिकेच्या बील्स राइट आणि कार्ल बेर यांना ६-४, ६-४, ६-२ असे हरवले. त्यानंतर गतविजेते सिडनी स्मिथ आणि फ्रँक रायझली खेळायला न आल्याने विजेतेपद या जोडीकडे आले. हरलेल्यांपैकी कार्ल बेर पुढे १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ जहाजावर होता आणि त्या दुर्घटनेतून वाचला.

त्याच उन्हाळ्यात ब्रूक्स आणि वाइल्डिंग या दोघांच्याच संघाने ब्रिटनला ३-२ असे हरवून डेव्हिस चषक पहिल्यांदा ऑस्ट्रेलेशियाला मिळवून दिला. गंमत म्हणजे त्यात दुहेरीचा सामना मात्र ते हरले. आर्थर गोर आणि हर्बर्ट रोपर बॅरेट यांनी तो पाच सेटमध्ये जिंकला. १९०८ मध्ये मेलबर्नला आणि १९०९ मध्ये सिडनीला अमेरिकेला हरवून या दोघांनी चषक राखला. १९०८ ची लढत २-२ अशी बरोबरीत असताना शेवटचा सामना वाइल्डिंगने फ्रेड अलेक्झांडरविरुद्ध सरळ सेटमध्ये जिंकला.

ब्रूक्स नसताना वाइल्डिंगने काय केले?

१९०७ नंतर ब्रूक्स सहा वर्षे विम्बल्डनला आलाच नाही. मेलबर्नमध्ये त्याला व्यवसाय पाहायचा होता. जोडीदार नसला की दुहेरीचा खेळाडू अडतो. वाइल्डिंगने नवा साथीदार शोधला. जोसाया रिची त्याच्यापेक्षा तेरा वर्षांनी मोठा होता. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने एकेरीचे सुवर्णपदक जिंकले.

१९०८ च्या विम्बल्डन दुहेरीचा निकाल पाहिला, तरी तो सामना डोळ्यांसमोर उभा राहतो. रिची-वाइल्डिंग यांनी गोर-बॅरेट यांच्याविरुद्ध पहिले दोन सेट ६-१, ६-२ असे सहज घेतले. पुढचे दोन १-६, १-६ असे तितक्याच सहज गमावले. पाचवा सेट त्यांनी ९-७ असा खेचून आणला. १९१० मध्ये याच प्रतिस्पर्ध्यांना त्यांनी ६-१, ६-१, ६-२ असे नमवले. १९११ मध्ये मात्र गतविजेते म्हणून खेळताना मॅक्स देक्युजिस आणि आंद्रे गोबेर या फ्रेंच जोडीने त्यांना ९-७, ५-७, ६-३, २-६, ६-२ असे हरवले.

एकेरीतील वर्चस्व किती मोठे होते?

१९१० ते १९१३ अशी सलग चार वर्षे वाइल्डिंग विम्बल्डन एकेरीचा विजेता होता. त्यातील १९१३ चा अंतिम सामना सर्वांत गाजला. अमेरिकेचा मॉरिस मॅकलॉफलिन तोफेसारख्या सर्व्हिससाठी प्रसिद्ध होता आणि त्या वर्षी तोच जिंकणार असे अनेकांना वाटत होते. वाइल्डिंगने त्याला ८-६, ६-३, १०-८ असे सरळ सेटमध्ये हरवले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मातीच्या कोर्टवरील आणि स्टॉकहोममध्ये बंदिस्त कोर्टवरील जागतिक स्पर्धाही त्याने जिंकल्या. गवत, माती आणि लाकूड अशा तिन्ही पृष्ठभागांवरील जागतिक विजेतेपदे एकाच वर्षात मिळाली. त्याआधी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये बंदिस्त कोर्टवरील एकेरीत त्याने कांस्यपदक मिळवले होते.

वाहने हा त्याचा दुसरा छंद. मोटारसायकलवर सामान बांधून तो युरोपभर स्पर्धांना जाई. खडबडीत रस्ते, देशोदेशीच्या सीमा आणि वाटेतले यंत्रबिघाड हे सारे त्याच्या अंगवळणी पडले होते. ही माहिती पुढे टेनिसबाहेर कामाला येणार होती.

१९१४ चा उन्हाळा वेगळा का ठरला?

१९१४ मध्ये ब्रूक्स विम्बल्डनला परतला. एकेरीत आव्हानवीर ठरण्यासाठी त्याला जर्मनीच्या ऑटो फ्रॉइट्झहाइमविरुद्ध पाच सेट झुंजावे लागले. शेवटचा सेट त्याने ८-६ असा घेतला. चॅलेंज राउंडमध्ये समोर वाइल्डिंग होता. ब्रूक्सने आपल्या जुन्या साथीदाराला ६-४, ६-४, ७-५ असे हरवून चार वर्षांचे वर्चस्व संपवले. त्याच स्पर्धेत हे दोघे पुन्हा नेटच्या एकाच बाजूला उभे राहिले. चार्ल्स डिक्सन आणि रोपर बॅरेट यांना ६-१, ६-१, ५-७, ८-६ असे हरवून त्यांनी सात वर्षांनी दुहेरीचे विजेतेपद परत मिळवले. विम्बल्डनमधला वाइल्डिंगचा हा शेवटचा विजय.

तिथून दोघे डेव्हिस चषकासाठी अमेरिकेला गेले. चषक आता अमेरिकेकडे होता आणि तो मिळवायचा तर आधी तीन देशांना हरवणे भाग होते. कॅनडाला त्यांनी ५-० असे नमवले. नंतर पिट्सबर्गजवळ जर्मनीशी गाठ पडली. ३० जुलै ते १ ऑगस्ट या तीन दिवसांत युरोप युद्धाच्या कड्यावर उभा होता. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. कोर्टवर फ्रॉइट्झहाइम आणि ऑस्कर क्रॉइट्झर हे जर्मन खेळाडू ब्रूक्स-वाइल्डिंगकडून ५-० असे हरत होते. दोन्ही बाजूंचे खेळाडू एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत होते. सामने संपताच जर्मन खेळाडू मायदेशी जायला बोटीत बसले. त्यांची बोट जिब्राल्टरजवळ ब्रिटिशांनी अडवली आणि दोघे कैदी झाले.

४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरला. त्याबरोबर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही. दोनच दिवसांनी बोस्टनमध्ये ऑस्ट्रेलेशिया विरुद्ध ब्रिटन ही लढत ठरल्याप्रमाणे सुरू झाली. ती ऑस्ट्रेलेशियाने ३-० अशी जिंकली. आता उरली होती अमेरिका.

चषक दुहेरीवर कसा फिरला?

डेव्हिस चषकाच्या तेव्हाच्या रचनेत पहिल्या दिवशी दोन एकेरी, दुसऱ्या दिवशी एक दुहेरी आणि तिसऱ्या दिवशी उलट जोड्यांच्या दोन एकेरी असत. पाचपैकी दुहेरी एकच. पण पहिल्या दिवशी १-१ अशी बरोबरी झाली, की दुहेरी जिंकणाऱ्याला तिसऱ्या दिवशी दोनपैकी एकच सामना पुरे होई. लिअँडर पेसच्या काळात भारताच्या डेव्हिस चषक लढती पाहिलेल्यांना शनिवारच्या दुहेरीचे हे महत्त्व वेगळे सांगायला नको. डेव्हिस चषकात दुहेरीचे सर्वाधिक ४५ विजय पेसच्याच नावावर आहेत.

न्यू यॉर्कमधील फॉरेस्ट हिल्स येथे १३ ऑगस्टला लढत सुरू झाली. मॅकलॉफलिनने ब्रूक्सला १७-१५, ६-३, ६-३ असे हरवले. पहिल्या एका सेटमध्येच ३२ गेम झाले. वाइल्डिंगने नॉरिस विल्यम्सला ७-५, ६-२, ६-३ असे नमवून बरोबरी साधली. विल्यम्सही ‘टायटॅनिक’वरून बचावलेला प्रवासी होता.

दुसऱ्या दिवशी दुहेरी. अमेरिकेकडून मॅकलॉफलिन आणि टॉम बंडी उतरले. आदल्या दोन्ही वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय दुहेरी स्पर्धा याच जोडीने जिंकली होती. प्रेक्षक त्यांचे, कोर्ट त्यांचे. ब्रूक्स-वाइल्डिंग यांनी हा सामना ६-३, ८-६, ९-७ असा जिंकला. सेट सरळ असले, तरी शेवटचे दोन अटीतटीचे झाले. तिसऱ्या दिवशी ब्रूक्सने विल्यम्सला चार सेटमध्ये हरवले आणि चषक निश्चित झाला. शेवटच्या सामन्यात मॅकलॉफलिनने वाइल्डिंगला हरवले. अंतिम आकडा ३-२. मॅकलॉफलिनने एकेरीचे दोन्ही सामने जिंकूनही अमेरिका हरली, ती दुहेरीमुळे. ऑस्ट्रेलेशियाच्या संघातील वाइल्डिंगचे हे चौथे डेव्हिस चषक विजेतेपद आणि अखेरचेही.

वाइल्डिंग युद्धात कसा गेला?

चषक जिंकल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वाइल्डिंग इंग्लंडला परतला आणि ऑक्टोबर १९१४ मध्ये रॉयल मरिन्समध्ये दाखल झाला. युरोपातले रस्ते आणि मोटारी यांची त्याला असलेली माहिती लष्कराला हवीच होती. सुरुवातीला त्याने गुप्तवार्ता विभागासाठी काम केले. नंतर नौदलाच्या चिलखती मोटारींच्या दलात त्याच्याकडे माणसे, तोफा आणि मोटारी यांची जबाबदारी आली. मे १९१५ च्या सुरुवातीला त्याला कॅप्टनपदी बढती मिळाली.

९ मे १९१५ रोजी फ्रान्सच्या उत्तर भागात ओबेर टेकडीवर ब्रिटिश फौजेने हल्ला चढवला. तोफखान्याचा मारा अपुरा पडला. जर्मन मशीनगन शाबूत राहिल्या. एका दिवसात ११ हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले आणि हाती काहीच लागले नाही. त्या दिवशी दुपारी नव्ह शापेलजवळ वाइल्डिंग खंदकातील आसऱ्याच्या जागेत असताना वर तोफगोळा फुटला. तो जागीच मरण पावला. वय ३१. विम्बल्डनच्या शेवटच्या विजेतेपदाला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

त्या आघाडीचा भारताशी काय संबंध?

हा भाग भारतीय वाचकांना अनोळखी नाही. १९१४ च्या शरद ऋतूपासून भारतीय सैन्याची मीरत आणि लाहोर ही दोन डिव्हिजन याच पट्ट्यात लढत होती. मार्च १९१५ मधील नव्ह शापेलच्या लढाईत त्यांची मोठी हानी झाली. वाइल्डिंग मारला गेला त्या ९ मेच्या हल्ल्यातही मीरत डिव्हिजन आघाडीवर होते. ज्यांची कबर सापडली नाही, अशा साडेचार हजारांहून अधिक भारतीय सैनिकांची नावे नव्ह शापेलच्या भारतीय स्मारकावर कोरलेली आहेत. हे स्मारक १९२७ मध्ये उभे राहिले. वाइल्डिंगची कबर तिथून जवळच, रिशबूर येथील लष्करी दफनभूमीत आहे. तिथे येणाऱ्याला विम्बल्डनचा विजेता आणि गावाकडचा शिपाई एकाच लढाईचे बळी म्हणून काही किलोमीटरच्या अंतरात भेटतात.

साथीदाराचे पुढे काय झाले?

ब्रूक्स युद्धकाळात रेड क्रॉसच्या कामात होता आणि तो वाचला. १९१९ मध्ये तो ४१ वर्षांचा असताना विम्बल्डनला आला. एकेरीचा गतविजेता म्हणून थेट चॅलेंज राउंड खेळला आणि जेराल्ड पॅटरसन या तरुण ऑस्ट्रेलियनकडून सरळ सेटमध्ये हरला. दुहेरीतील मुकुट राखायला मात्र तो येऊ शकत नव्हता. त्यासाठी दोघे लागतात. त्याच वर्षी पॅटरसनलाच साथीला घेऊन त्याने अमेरिकेची राष्ट्रीय दुहेरी स्पर्धा जिंकली. पुढे अनेक वर्षे तो ऑस्ट्रेलियन टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता. ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष एकेरी विजेत्याला दिला जाणारा चषक आजही त्याच्या नावाचा आहे. तो १९६८ मध्ये निवर्तला, म्हणजे साथीदारानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ जगला.

वाइल्डिंगचा समावेश १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये झाला. क्राइस्टचर्चमधील टेनिस केंद्र वाइल्डिंग पार्क या नावाने ओळखले जाते. विम्बल्डनच्या विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव एकेरीत चारदा दिसते आणि दुहेरीतही चारदा. दुहेरीच्या यादीत १९१४ या वर्षापुढे ब्रूक्स आणि वाइल्डिंग ही नावे आहेत. त्यानंतरची चार वर्षे रिकामी आहेत. १९१९ पुढे ओहारा वूड आणि थॉमस. ती यादी वाचताना मधल्या रिकाम्या जागेचा अर्थ ठाऊक असेल, तर १९१९ चा निकाल अपुरा का राहिला हे वेगळे विचारावे लागत नाही.